भाषांतरातल्या दोन ओळी

दि. ९ मार्च

ती. दादास,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील, म्हणून आधीच सांगते, इकडे सगळे सुखरूप आहेत. सगळे म्हणजे आई आणि मी. आईचा गुडघा दुखतो, पण डॉक्टरांपेक्षा तिचा गरम पाण्याच्या पिशवीवर जास्त विश्वास. मागच्या खोलीची कुजलेली खिडकी अखेर बदलून घेतली. वहिनी कशी आहे? तुझी लेक आता कॉलेजात असेल. सख्ख्या भाचीचं वय मला बोटांवर मोजून काढावं लागलं.

मी या महिनाअखेरीस रिटायर होतेय. त्याच कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसातून, त्याच टेबलावरून. सध्या फक्त कपाटं रिकामी करून द्यायचं काम आहे, तरी हल्ली फार दमते. दोन फायली खाली काढल्या की खुर्चीत बसते आणि शिपाई चहा ठेवून जातो, तो गार होतो.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. पहिल्या दोन्ही खेपांना खिडकीच्या वाक्यापाशीच अडकले. आता लिहूनच टाकते.

चौदा वर्षांपूर्वी आपल्या इथे अमोनिया गळला, सहा बायकांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि एकीचा डोळा गेला. त्यानंतर बाहेरून आलेल्या इंजिनिअरनं तपासणी करून इंग्रजीत अहवाल दिला आणि तो निघून गेला. चौकशी समितीत इंग्रजीची बोंब. भाषांतर कुणी करायचं? ड्यूटीवरच्या ऑपरेटरची, म्हणजे तुझी, बहीण म्हणून मला देऊ नये, असं एकदोघांचं म्हणणं होतं. मीच ठासून म्हटलं, मी प्रामाणिकपणे करीन. आणि दादा, केलं रे प्रामाणिकपणे. बहिणीनं भावाला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये, म्हणून जिथे दोन अर्थ संभवत होते तिथे मी तुझ्या विरुद्धचा घेतला.

त्यातल्या दोन ओळी अशा होत्या: तीन चाळीसला अलार्म ‘वेंट ऑफ’. ऑपरेटर पॅकिंग हॉलकडे ‘वेंट ऑफ’.

मी लिहिलं: तीन चाळीसला अलार्म बंद झाला. ऑपरेटर जागा सोडून पॅकिंग हॉलकडे निघून गेला.

अलार्म कॉम्प्रेसर रूममध्ये, त्याची किल्ली तुझ्या कमरेला, खोलीत दुसरं कुणी नाही. समितीनं सरळ अर्थ लावला. स्वतःची ढिलाई झाकायला यानं अलार्म बंद केला आणि पळ काढला. तू ओरडत होतास, “अहो, वाजला म्हणूनच धावलो ना मी!” त्यांनी माझा कागद तुझ्यापुढे सरकवला.

त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात आलास. मी भांडी विसळत होते. “एकदा परत वाचून बघ ना तो अहवाल,” म्हणालास. “मला कानांनी ऐकू आलाय अलार्म.” मी नळ बंद न करताच म्हटलं, “इंग्रजी मला शिकवू नकोस. कागदाला काय तुझ्याशी वैर आहे?” बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. तुला म्हणाले, “एक घंटा सांभाळता आली नाही तुला.” त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत. नोकरी गेली, दाखल्यावर ‘कामाची जागा सोडून पळून गेला’ असा शेरा पडला, तू बिऱ्हाड हलवलंस.

‘ऑफ’ म्हणजे बंद, हे आपण बटणांवर वाचत आलो. पण ‘गो ऑफ’चं तसं नाही. दूध ‘ऑफ’ गेलं म्हणजे नासलं. दिवा गेला म्हणजे विझला. बॉम्ब गेला म्हणजे फुटला. माणूस ‘ऑफ’ गेला म्हणजे निघून गेला. एखाद्यावरून मन गेलं म्हणजे तो मनातून उतरला. आणि अलार्म ‘ऑफ’ गेला म्हणजे वाजला. बंद नाही झाला. वाजला.

अलार्म वाजला आणि ऑपरेटर हॉलकडे धावला. एवढंच त्या इंजिनिअरनं लिहिलं होतं. तुझ्या बाजूनं लिहिलं होतं.

मागच्या आठवड्यात कपाटातून ती फाइल निघाली. मी नवं भाषांतर केलं, खाली माझी सही केली आणि मॅनेजरांकडे गेले. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. म्हणाले, “मॅडम, जाता जाता हे कशाला उकरून काढताय? समितीतले निम्मे लोक आता हयात नाहीत.”

“माझा भाऊ हयात आहे,” मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही भाषांतरं शेजारी ठेवून वाचली. शेवटी कागद घेतला, पोच म्हणून शिक्का मारून दिला आणि नोकरीच्या दाखल्यावरचा शेरा काढण्यासाठी हेड ऑफिसला पत्र पाठवलं. काल उत्तर आलं. शेरा काढलाय. सोबत त्याची प्रत आहे, नव्या भाषांतराचीही आहे. नोकरी काही परत मिळणार नाही. मिळाली असती तरी तू घेतली नसतीस.

मग मी पॅकिंग हॉलमध्ये गेले. डोळा गेलेल्या त्या बाई अजून तिथेच आहेत, खोक्यांना पट्ट्या लावतात. त्यांना सगळं सांगितलं. हातातली पट्टी न सोडता त्या म्हणाल्या, “आम्हाला ठाऊकच होतं. मला काही दिसत नव्हतं, तर तुमच्या भावानंच दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. परत आत गेला तो, दुसऱ्यांसाठी. पण आम्हाला विचारलं कुणी?” मग म्हणाल्या, “तुम्हाला कधी समजलं हे?”

मी म्हटलं, “आत्ताच. कपाट आवरताना.”

आईनंही तेच विचारलं आणि तिलाही मी तेच सांगितलं. ती बिचारी म्हणाली, “तुझे बाबा असते तर त्यांनाही कळलं असतं गं.”

दादा, ‘आत्ताच’ हे खरं नाही.

मला अपघातानंतर दीड वर्षानं कळलं. बढतीच्या परीक्षेसाठी सरावाचं पुस्तक घेतलं होतं. त्यात एक वाक्य होतं, अलार्म ‘वेंट ऑफ’ आणि बाळ जागं झालं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. बंद झालेल्या अलार्मनं बाळ जागं कसं होईल? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फाइल काढली, वाचली, परत ठेवली. त्या फायलीच्या कपाटाची किल्ली तेव्हापासून माझ्याकडेच होती. परीक्षा दिली. इंग्रजीत पहिली आले. बढती मिळाली.

बाबा त्यानंतर आठ महिने होते. शेवटचे दोन महिने अंथरुणावर, आणि रोज संध्याकाळी मीच त्यांच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी आपणहून विचारलं, “थोरल्याचं काही पत्र?” मी नाही म्हटलं आणि पुढची बातमी वाचायला घेतली. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. सांगितली नाहीत. ऑफिसात माझ्या इंग्रजीला मान होता, बस, एवढंच कारण. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तू अंत्यसंस्काराला आलास तेव्हा फाटकापाशी उभा होतास. मी तुला आत बोलवायला आले, “चल” म्हणाले, आणि तेव्हाही गप्प राहिले.

वरचं सगळं लिहिलं त्याच रात्री आईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. आज अकरा तारीख; दोन दिवस झाले, कामापुरतंच बोलते.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर देणं भाग पडेल, आणि तेवढाही भार तुझ्यावर नको. दाखला मात्र लेकीला दाखव. बाप पळाला नव्हता, हे तिला कागदावर वाचू दे.

बाबांना पेपर वाचून दाखवणारी,
तुझी धाकटी बहीण