कपाळ तेवढे मोकळे ठेवले आहे

मी, बलभीम अंबादास हुंबे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पेंटर, मूळ गाव ईट, हल्ली मुक्काम भूम, जिल्हा धाराशिव, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पोटातल्या गाठीने शरीर खाल्ले आहे, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. नशा म्हणाल तर टर्पेंटाइनच्या वासाची, आणि ती जन्माची आहे. कायद्याची भाषा वकिलांनी सांगितली, अक्षर माझे आहे. जन्मभर दुसऱ्यांची नावे रंगवली, तेव्हा माझ्या शेवटच्या कागदाला कॉम्प्युटर नको. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते घरात वाचून दाखवल्यावर मी स्वतःच्या हाताने फाडले. का, ते पुढे येईल.

१. माझ्यामागे पत्नी लीला, एकुलता एक मुलगा रणधीर, सून हर्षाली आणि नात आरोही एवढी माणसे आहेत. थोरली बहीण कमलबाई तेरला असते. वकिलांनी पत्नीच्या नावामागे काय लावू असे विचारले. आज ती 'सौ.' आहे, पण हा कागद उघडतील तेव्हा ते खोटे ठरेल, आणि 'श्रीमती' लिहायला माझा हात धजत नाही. म्हणून नुसते लीला लिहिले आहे. ती कोण, हे भूममध्ये सगळ्यांना माहीत आहे.

२. भूममधले राहते घर, पुढच्या दुकानाच्या खोलीसह, लीलाच्या एकटीच्या मालकीचे होईल. हयातीपुरते नव्हे, पुरतेच. तिने ते विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे. बँकेत जे असेल तेही तिचे. तिच्यामागे कोणाला द्यायचे ते तिने ठरवावे. तिला सही येते आणि माणसेही ओळखता येतात.

३. ईट येथील शेताचा माझा हिस्सा रणधीरला. तिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही, पण बाप काही देऊन गेला नाही असे त्याने म्हणू नये.

रणधीर वाईट नाही. त्याने फ्लेक्सचे मशीन आणले तेव्हा मी त्याच्याशी बोलणे सोडले होते. तो म्हणाला, "अण्णा, तुमचा एक बोर्ड हुईस्तोवर माझे पन्नास निघत्यात." खरे आहे. माझा बोर्ड पंधरा उन्हाळे काढतो आणि त्याचा फ्लेक्स पुढच्या वाढदिवसाच्या आत कोणाच्या तरी शेळ्यांवर छप्पर होऊन जातो, हेही खरे आहे. जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हा वाटले, आता गावोगावच्या पाट्या बदलतील, हाताला काम येईल. पाट्या बदलल्या. सगळ्या फ्लेक्सच्या लागल्या, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याच घरातून छापून गेल्या. मी दारात बसून बघत होतो.

तरी रणधीरला एक ताकीद आहे. मी गेल्यावर चौकात माझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नये. साठीला त्याने एक लावला होता, त्यात माझा चेहरा निळा आला होता. जिवंतपणी एकदा निळा झालो, तेवढे पुरे. हार घालायचे चित्र मी काढून कपाटामागे ठेवले आहे. ओठ जरा कडक उतरलेत, पण माणूसही तसाच होता.

४. खारीच्या केसांचे ब्रश, हात टेकवायची काठी आणि रंग घोटायची काचेची पाटी आरोहीला. ती चित्रे काढते की नाही हे बघून देत नाही, मला तिला द्यावेसे वाटते म्हणून देतो. शिडी, लाकूड आणि काचा मित्र गुंडप्पा फ्रेमवाले यांना मी आधीच देऊन टाकले आहे, म्हणून ते साक्षीला चालतात. माझ्या चित्राला फ्रेम त्यांनीच करावी. त्यांच्याकडचा सोनेरी पट्ट्यांचा माल मला कधीच आवडला नाही. साधी काळी पट्टी लावावी.

५. आता धंद्याबद्दल थोडे लिहितो, कारण त्यावाचून पुढचे कलम समजणार नाही.

पोट पाट्यांवर चालले. खव्याच्या भट्ट्या, पिठाच्या गिरण्या, ट्रॉल्यांच्या फळ्या, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या भिंती. पण जीव रमला तो गेलेल्या माणसांच्या चित्रांत. घरची माणसे रेशनकार्डावरचा नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला फोटो घेऊन येत. त्यात कधी कान दिसत नसे, कधी हनुवटी. मग मी नातवंडांना समोर उभे करून आजोबांचे कान शोधत असे. त्यासाठीच आयुष्यभर माणसे बघत आलो. तेरच्या एसटीत पुढच्या बाकावरची मान, ज्वारी काढून येणाऱ्या बायकांच्या कपाळावर घामात मिसळून ओघळलेले कुंकू, भट्टीच्या जाळाने अर्धाच उजळलेला खवेवाल्याचा गाल. मला दुसरा गुरू नव्हता.

बाईचे चित्र असले की ब्रश उचलण्याआधी एक गोष्ट विचारावी लागे: "आधी कोण गेलं?" ती आधी गेली असेल तर कपाळावर ठसठशीत कुंकू. तो आधी गेला असेल तर कपाळ कोरे. पण बहुतेक बायकांचा फोटो एकच, आणि तोही नवरा असतानाचा. मग फोटोत असलेले कुंकू चित्रात कातडीच्या रंगाने बुजवायचे. कोणी मी पूर्वी काढलेले जोडप्याचे चित्रच परत आणत, नवरा गेला, आता बाईचे कपाळ बुजवा म्हणून. लाल रंग सहजी बुजत नाही. वरून कितीही हात दिले तरी पावसाळ्यात तांबूस डोकावतो.

शिवकुमार नावाच्या कापड दुकानदाराने असेच आईवडिलांचे चित्र आणले होते. आई सोबत आली होती, बाकावर बसली होती. मी रंग कालवला तेव्हा ती म्हणाली, "पेंटर, हळू पुसा. माझं लई जोरात पुसलं व्हतं." मुलगा रस्त्याकडे बघत राहिला. मी हळू पुसले.

६. माझी आई धुरपदाबाई. वडील विहिरीच्या कामावर सुरुंगात गेले तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जाण्याएवढा होतो. परसात बायकांनी आईला बसवले, बांगड्या फोडल्या, ओल्या फडक्याने कपाळ पुसले. एक चुलत आजी घासतच राहिली, कारण कुंकू गेले तरी खाली एक ठिपका राहत होता. कातडी सोलून रक्त आले तेव्हा आई बोलली, "आत्याबाई, ते कुंकू न्हाय, गोंदण हाय. त्ये माज्यासंगंच जाईल."

मी दाराआड उभा होतो. त्या दिवशी विटेचा तुकडा घेऊन मी घरातल्या पांढऱ्या भिंतीवर आईचे तोंड काढले आणि कपाळावर वीट घासून घासून मोठे कुंकू केले. आईने पाहिले. पुढे दर सणाला ती पांढऱ्या मातीने भिंत सारवायची, पण तेवढी जागा सोडून. घर पडेपर्यंत ते चित्र होते. माझी चित्रकला म्हणाल तर तिथे सुरू झाली, आणि मला वाटते त्यापुढे ती फारशी गेली नाही.

७. माझ्यामागे लीलाचे कपाळ पुसायला पुढे होईल ती माझी बहीण, कमलबाई. घरातली सगळ्यांत वडील विधवा तीच, म्हणून रीत तिच्या हातून होते. भावकीत तिने ती किती जणींची केली असेल, तिलाच ठाऊक. दिवाळीला ती आली तेव्हा मी विषय काढला. म्हणालो, "अक्का, लीलाचं पुसू नका. बांगड्यांना हात लावू नका."

ती सुपारी कातरत होती. म्हणाली, "माझं पुसलं तवा कुणी कागद केला न्हाय, बलभीम. बावीस वर्साची व्हते मी. आता तुझ्या बायकूचं तेवढं ऱ्हावं व्हय?"

तिचा राग लीलावर नाही, पण निघेल तो लीलावरच. अक्काच्या लग्नातल्या फोटोवरून मी तिचे चित्र काढले आहे. फोटोत आहे तसे, मळवटासकट. कपाळ बुजवलेले नाही. ते अक्काला द्यावे. भिंतीला लावायचे, पेटीत ठेवायचे की चुलीत घालायचे, ते तिने ठरवावे. अक्का, तुम्ही यायच्या नाहीत असे मी कुठेही लिहिलेले नाही. तुम्ही या. तिच्याजवळ बसा.

८. फाडलेल्या मृत्युपत्राचे सांगतो. त्यात मी अशी अट घातली होती, की माझ्या मृत्यूनंतर लीलाचे कुंकू पुसले, मंगळसूत्र काढले किंवा बांगड्या फोडल्या, तर रणधीरला काही मिळणार नाही, आणि लीलाने कुंकू लावणे चालू ठेवावे. वकील खूश झाले होते. मीही खूश होतो. घरी येऊन लीलाला वाचून दाखवले. ती शेंगा फोडत होती.

म्हणाली, "सगळं झालं वाचून?"

"झालं."

"म्हंजी बाया म्हणत्यात पूस, आन् तुमी म्हणताय लाव. मला कुणी इचारलं का?"

मी म्हणालो, तुझ्यासाठीच केले.

"कागद तुमचा, कपाळ माझं," ती म्हणाली. "तुमी गेल्यावर मला काय वाटंल, ते मला आज ठावं न्हाय. तुमाला कसं ठावं?" मग शेंगा बाजूला सारून रडली. "मला बायांचं भ्या न्हाय वाटत. आरशाचं वाटतं."

मला मरणाची भीती फारशी नाही. त्या दिवसाची आहे, ज्या दिवशी ती परसात बसेल आणि मी नसेन. तरी तिचे बरोबर होते. मी कागद फाडला. लीलाचे कपाळ माझ्या मालकीचे नाही, म्हणून या मृत्युपत्रात ते कोणाला देता येत नाही आणि त्यावर कसली अटही घालता येत नाही. एवढेच लिहितो की त्याला तिच्याशिवाय कोणाचा हात लागू नये. अक्काचा नाही, रणधीरचा नाही, माझाही नाही. हर्षालीने त्या दिवशी सासूच्या शेजारून हलू नये. ही अट नाही, विनंती आहे. सुनेच्या मानाने ती फटकळ आहे, तो गुण त्या दिवशी कामी यावा.

९. शेवटचे. लीलाचे एक चित्र या दिवाळीनंतर काढले आहे. गाठीमुळे फार वेळ बसवत नाही, म्हणून पदराच्या रेघा नीट आल्या नाहीत. डोळे आले आहेत. कपाळाशी आलो आणि लाल घेतला तेव्हा तिने माझे मनगट धरले. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तेवढं."

ते चित्र माझ्या चित्राशेजारी लावावे. बघणाऱ्याला ते अपुरे वाटेल. ते अपुरे नाही. रणधीरने किंवा दुसऱ्या कोणी ते पुरे करायला जाऊ नये, आणि कपाळावर कातडीचा रंग देऊन सारखेही करू नये. कपाळ तेवढे मोकळे ठेवले आहे.

लाल रंगाची डबी चित्राखालच्या फळीवर आहे, ती लीलाला. तिला वाटले तर बोट बुडवावे, न वाटले तर रंग सुकू द्यावा. जुन्या डब्यांची झाकणे धरून बसतात आणि तिच्या बोटांत आता जोर नाही. म्हणून झाकण मी आत्ताच सैल करून ठेवले आहे.

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचला आणि खाली सही करतो.

(सही) बलभीम अंबादास हुंबे, पेंटर

आमच्यासमोर त्यांनी सही केली. ते शुद्धीवर होते. मध्ये एकदा पाणी मागितले आणि एकदा आमच्या पेनाला नावे ठेवली. लीलाबाई आत होत्या. मिळकत त्यांना मिळते म्हणून वकिलांच्या सल्ल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही.

साक्षीदार :
१. (सही, कन्नडमध्ये) गुंडप्पा फ्रेमवाले, भूम
२. (सही) भीमाशंकर जोशी, निवृत्त शिक्षक, भूम

ठिकाण : भूम, जिल्हा धाराशिव
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४