मंगलचं ताट माघारी लावू नको

आये,
किकवीवरनं सगुणाचा तुझ्या पायाला हात. आमी समदी बरी हाय. तुझा गुडघा कसा हाय?

तू फोन उचलत न्हाईस, म्हणून यष्टीवाल्याजवळ चिठ्ठी देते. आबा गेल्यामुळं यंदा दिवाळीला आपल्या घरात कढई चढायची न्हाई. शेजारची मंगल फराळ घिऊन आली, तर तू ताट माघारी लावलंस? “आमी भिकारी न्हाई” म्हणालीस?

आगं, गावात दुखवट्याच्या घरी पयलं ताट तूच न्यायचीस. तवा ती भीक हुती व्हय?

मंगल सांजच्याला परत येईल, म्या सांगितलंय. गुमान घे. तिला बसव, चा पाज. चा करायला बंदी न्हाई. रिकामं ताट देववत नसंल तर नव्या तांदळाची वंजळ घाल. आन ती उठायच्या आत तिच्यादेखत एक करंजी खा.

तुझीच,
सगुणा