तिसऱ्या मैलावरची जर्मनीण

माले, पेटा मुळशी
९ जानेवारी १९६१

ती. वाल्मीकदादास,
धाकट्या रत्नाचा शि. सा. न. वि. वि. पत्राच्या पहिल्या ओळीत इकडील सर्व ठीक आहे असं लिहायचं, हे तूच शिकवलंस. म्हणून लिहिते, पण या खेपेला ते पुरतं खरं नाही.

आपली जर्मनीण बिघडली आहे. घरून नीट निघते आणि तिसऱ्या मैलाच्या दगडापाशी दोन आचके देऊन बंद पडते. थोडं थांबून, टाकी उघडून बघून हँडल मारलं की चालते, पुन्हा तीन मैलांवर तेच. मागच्या सोमवारी पौडला जाऊन यायला आबांना आणि गेणबाकाकांना सकाळची संध्याकाळ झाली.

त्याहून वाईट पुढचं आहे. परत आल्यावर आबांनी साळूबाईच्या दुकानासमोर, चार माणसांत, गेणबाकाकांना विचारलं की पेट्रोलात रॉकेल किती घातलंस आणि काढलेलं पेट्रोल कुणाला विकलंस. गेणबाकाका एवढंच म्हणाले की हैबतराव, तुमचं डोळं अधू झाल्यापास्नं ही गाडी मी चालवतुया, अन् मलाच चोर म्हनताय व्हय. किल्ली टपावर ठेवली आणि मेंढरांकडे निघून गेले. रक्ताचं नातं नसून रोज येणारा माणूस, तेव्हापासून आपल्या अंगणात पाऊल नाही.

वहिनीला सातवा सरत आला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की या वेळी कळा सुरू झाल्या की तडक पुण्याच्या इस्पितळात आणायचं. मागच्या खेपेला आपल्याकडे मोटार नव्हती, बैलगाडी पौडच्या अलीकडेच थांबवावी लागली आणि बाळ गेलं, ते तुला माहीत आहे. एस. टी. दिवसातून एकदाच. पुण्यात आधीपासून जाऊन राहावं तर आपलं कोणी नाही. वहिनी हसून म्हणते की चालत जाईन. मला हसू येत नाही.

दादा, मी बॉनेट उघडू का? तू गाडीखाली असायचास तेव्हा पाने हातात देणं एवढंच माझं काम होतं. तुझी परवानगी आल्याशिवाय एक नटसुद्धा सैल करणार नाही.

तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे; या खेपेला त्याला जरा टपालाची घाई असू दे.
तुझी
रत्ना


अंबाला
१७ जानेवारी १९६१

चि. रत्ना हीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पलटणीच्या वर्कशॉपात उभ्या उभ्या वाचलं. सुटीचा अर्ज दुसऱ्यांदा परत आला. एप्रिलच्या आधी येणं नाही. तेव्हा परवानगी काय मागतेस, आता माझे हात तुझ्याकडेच आहेत असं समज.

आधी रॉकेलचा निकाल लाव. टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब कोऱ्या कागदावर टाक, शेजारी दिव्यातल्या रॉकेलचा एक थेंब. पेट्रोल उडून जाईल, कागद कोरा राहील. रॉकेल मागे तेलकट डाग ठेवतं. निकाल लागेपर्यंत आबांना म्हणावं, गेणबाकाकांचं नाव तोंडात नको. आणि हे सगळं चुलीपासून लांब, परड्यात.

मग प्लग काढून रंग बघ. बिस्किटासारखे तपकिरी असतील तर ठीक, काजळी असेल तर कळव. पेट्रोलच्या पंपाला काचेची वाटी आहे. ज्या जर्मन साहेबाकडून आबांनी गाडी घेतली, त्याने दिलेल्या पुस्तकात तेराव्या पानावर तिचं चित्र आहे. खालचं जर्मन वाचायला जाऊ नकोस, मलाही कधी आलं नाही. गाडी बंद पडेल तेव्हा त्या वाटीत पेट्रोल आहे की नाही ते बघ.

एका वेळी एकच गोष्ट कर. दोन एकदम केल्यास तर गाडी सुधारूनही कशाने सुधारली ते कळत नाही. लहानपणी एक अक्षर चुकलं की तू सगळी पाटी पुसायचीस आणि मला पुन्हा पहिल्यापासून घालून द्यावं लागायचं. गाडीचं तसं करू नकोस. जे घडेल ते घडल्या क्रमाने वहीत लिही, महत्त्वाचं वाटो न वाटो.

सारजेला सांग, चालत जाण्याचा बेत मला पसंत नाही. आईला नमस्कार. आमची माया इथून फार तर सल्ला पाठवू शकते, ती गोड करून घे.
तुझा
दादा


माले
२८ जानेवारी १९६१

ती. दादास,
सा. न. वि. वि. सगळं तू सांगितलंस तसं केलं. कागदाची परीक्षा तीनदा घेतली, कारण पहिल्या वेळी माझ्या बोटाला खोबरेल असावं अशी शंका आली. तिन्ही वेळा पेट्रोलचा कागद कोरा. कागद आबांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, हुंगला, आणि म्हणाले की कागुद म्हंजे काय कोर्ट न्हाई. पण आवाज खाली आला होता.

प्लग बिस्किटासारखे आहेत. काळजी नको, एकेक काढून ज्याचा तिथेच लावला.

गाडी रस्त्यावर न्यायला माणूस नाही, म्हणून आबाच चाकावर बसतात आणि मी शेजारी बसून खड्डा, म्हैस, डावीकडे, अजून डावीकडे असं ओरडते. वाटेत आबा मला म्हणाले की तुझ्या ओरडण्यानं मला दिसतंय तेवढं बी दिसंना झालंय. दिवसाउजेडी, रिकाम्या रस्त्यावर, बैलाच्या चालीने जातो. पिरंगुटचा घाट असा चढणं शक्य नाही, हे त्यांनाही कळतं.

आता वहीतलं उतरवते. मंगळवारी तिसऱ्या मैलावर बंद. काचेची वाटी पाहिली, रिकामी. आबा म्हणाले टाकी बघ. झाकण काढून काठी बुडवली, चार बोटं पेट्रोल. झाकण लावलं. हँडल मारलं, वाटी भरली, चालू. गुरुवारी तेच: वाटी रिकामी, झाकण काढलं, काठी बुडवली, झाकण लावलं, हँडल, चालू. आज शनिवारी तेच. पंप तापत असेल म्हणून आज त्यावर ओलं फडकंही ठेवलं होतं, उपयोग झाला नाही.

टाकीत पेट्रोल असून वाटीत येत नाही, आणि मग आपोआप येतं. वाटेत कुठे काय अडतं ते मला कळत नाही. माझ्याकडून काही बघायचं राहिलं असेल तर रागाव, पण लवकर. वहिनीच्या पायांना सूज आहे.

तुझ्या मायेवर माझा भरवसा आहे, आता जरा माझ्या वहीवर तुझा असू दे.
तुझी
रत्ना


अंबाला
६ फेब्रुवारी १९६१

चि. रत्ना हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या वहीचं पान आमच्या हवालदारांना हिंदीत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं की ही मुलगी कोणत्या वर्कशॉपात शिकली. म्हटलं, आमच्या अंगणात.

वेडे, उत्तर तूच तीनदा लिहिलं आहेस. गाडी आपोआप सुरू होत नाही. दर वेळी तू टाकीचं झाकण उघडतेस आणि मग ती सुरू होते. जितकं पेट्रोल टाकीतून बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते. न आली तर पंप ओढून ओढून थकतो. त्यासाठी झाकणाला दाभण जेमतेम जाईल एवढं भोक असतं.

पुढच्या वेळी बंद पडली की झाकणाला हात लावू नकोस. पाव तास थांबून हँडल मार. सुरू झाली नाही तर कान टाकीजवळ नेऊन झाकण हळूच फिरव. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर दुखणं सापडलं. भोक कशाने बुजलं ते बघ आणि मोकळं कर.

सारजेला वेगळं पाकीट आहे, ते फोडू नकोस. तू फोडणार नाहीस हे माहीत असून लिहितो, कारण तुला चिडवायला दुसरं काही सापडत नाही.
दुरून कान ओढणारा, तरी तुझाच,
दादा


माले
१५ फेब्रुवारी १९६१

ती. दादास,
सा. न. वि. वि. दुखणं सापडलं आणि ते मी आहे.

झाकण न काढता पाव तास थांबलो. हँडल मारलं, गाडी एकदा खोकली आणि गप्प. मग कान लावून झाकण फिरवलं, तर आबा बशीतून चहा ओढतात तसा लांबलचक आवाज आला. आबांनीही ऐकला. झाकण उलटं करून पाहिलं तर भोक दिसेना. वरचा थर नखाने खरवडला. हळद-कुंकू होतं, वाळून दगडासारखं.

दसऱ्याला गाडीची पूजा आईने माझ्याकडे दिली होती. स्टिअरिंगला, चारी चाकांना, बॉनेटला बोटं लावली आणि मग वाटलं की जिथून ती खाते पिते ती जागा कशी वगळायची. म्हणून झाकणाच्या बरोबर मध्ये भिजवलेल्या कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. पुढे दर अमावास्येला लावत गेले. जुनं पुसणं बरं दिसेना, त्यावरच नवं. एकही अमावास्या चुकवली नाही, दादा.

दाभणाने भोक मोकळं केलं. आम्ही पौडपर्यंत जाऊन आलो, एकदाही थांबली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी सगळी वाट गेणबाकाकांचा विचार करत होते. माझ्या कुंकवापायी त्यांना चोर म्हटलं गेलं.

तशीच त्यांच्या वाड्यावर गेले. मेंढरं नुकतीच परतली होती. उभं राहूनच सगळं सांगितलं. धोंडाबाईकाकू आधी टाळ्या पिटून हसल्या. म्हणाल्या, म्हंजे आमच्या धन्याला बोल लावला, अन् चोर निघालं देवाचं कुकू! मग पदराने डोळे पुसले. गेणबाकाका म्हणाले की पोरी, तू चुकलीस, तू सांगाया आलीस, तुझं झालं. पर ज्यानं चार मान्सांत म्हनलं, त्यानं चार मान्सांत यावं. त्याबिगर त्या गाडीला मी शिवणार न्हाई.

घरी येऊन आबांना जसंच्या तसं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले की हैबतराव कुनाच्या दारात वाकाया जात न्हाई. दादा, आता गाडी चालते आणि चालवणारा नाही. वहिनीचे तीन आठवडे उरले आहेत.

एवढ्या चुकीनंतरही लोभ मागायचा धीर होत नाही. तू आपणहून ठेवलास तर ठेव.
रत्ना


अंबाला
२४ फेब्रुवारी १९६१

चि. रत्ना हीस,
आशीर्वाद. धीर होत नाही म्हणे! मागच्या वर्षी मी एका ट्रकच्या इंजिनात हातरुमाल विसरलो होतो आणि तीन जवान दोन दिवस तो ट्रक उघडत बसले. मी मात्र सांगायला चौथ्या दिवशी गेलो. तू त्याच दिवशी गेलीस.

सोबत आबांना वेगळं पत्र आहे. त्यांना दिसत नाही, तेव्हा वाचून तुलाच दाखवावं लागेल. एक अक्षर गाळू नकोस आणि मऊ करू नकोस. माझी शपथ घालत नाही. तुझा स्वभाव पुरेसा आहे.
नेहमीसारखाच, किंबहुना थोडा जास्त, तुझा
दादा


पुणे
९ मार्च १९६१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तार मिळाली असेलच. तारेत मावलं नाही ते लिहिते.

तुझं पत्र आबांना ओसरीवर वाचून दाखवलं. मधे तू लिहिलं होतंस: आबा, डोळे अधू झाले याचं मला वाईट वाटतं. पण त्या दिवशी ते चांगले असते तरी तुम्ही गेणबाकाकांच्या तोंडाकडे पाहिलं नसतं. एवढंच वगळलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मी वाचलं. आबांनी पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी पटका मागितला, काठी मागितली आणि माझा हात न धरता साळूबाईच्या दुकानाशी जाऊन बसले. गेणबाकाका तंबाखूला येईपर्यंत दोन तास बसले. आल्यावर माणसांदेखत उठून म्हणाले की गेणबा, चोर म्हनलो ते मागं घेतो, डोळं गेलं तसं डोस्कं बी गेलं व्हतं. गेणबाकाका म्हणाले की डोळ्याला पुन्यात डागदर हाय, डोसक्याचं अवघड हाय. साळूबाईसुद्धा हसली. काकांनी किल्ली मागून घेतली.

त्यानंतर पाचव्या दिवशी, काल, सकाळी भाकऱ्या थापताना वहिनी परातीला धरून खाली बसली. काकांना बोलावून गाडी निघेपर्यंत अर्धा तास गेला. पुढे काका आणि आबा, मागे आई, वहिनी आणि मी. तिसरा मैल आला, गेला. मी मोठ्याने चार म्हटलं, पाच म्हटलं, तेव्हा वहिनी दात आवळून म्हणाली की वन्सं, मैल मोजू नगा, माझ्या कळा मोजा. जिथून बैलगाडी मागे वळली होती त्या वडापाशी तिने डोळे मिटून घेतले.  काकांनी वेग वाढवला.

पिरंगुटच्या घाटात इंजिन तापलं. काकांनी सावलीला थांबवलं. आबा स्वतः डबा घेऊन ओढ्यावर गेले आणि निम्मं पाणी धोतरावर सांडत परत आले. काका त्यांना घाई करा हैबतराव, मिरवनूक न्हाई ही, असं खुशाल म्हणत होते आणि आबा ऐकून घेत होते.

एक वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. सहा पौंडांची, डोक्यावर भरपूर जावळ. वहिनी थकली आहे पण बरी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तासभर उशीर झाला असता तर त्यांना काही करता आलं नसतं. मी ते पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी नर्सबाईंनी वही पुढे केली. बाळंतिणीसोबत आलेल्यांची नावं आणि नातं भरायचं होतं, त्याशिवाय आत सोडत नाहीत. आबा, आई, मी, एवढं लिहून झालं. काका दाराशी घोंगडं खांद्यावर घेऊन उभे होते. बाई म्हणाल्या की ड्रायव्हरने बाहेर थांबावं. काका वळले. तेवढ्यात आबा मला म्हणाले की लिव्ह, गेणबा, बाळाच्या आज्याचा धाकटा भाऊ. माझ्या हातात टाक होता. दादा, तुला माहीत आहे, मी कागदावर कधी खोटं लिहीत नाही. ठळक अक्षरात लिहिलं आणि वही परत केली. पाळण्याशी आधी काकाच गेले.

तुझ्या मायेत आता एक वाटेकरीण आली आहे. उरेल ती मला पुरे.
तुझी
रत्ना