बहात्तरची पाऊणकी

मळा, ता. सिन्नर
१७ ऑगस्ट २०२५

चि. राखीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. पोस्टमन हल्ली दारातून हाक मारत नाही. मला ऐकू येत नाही हे त्याला एवढ्या वर्षांनी उमगलं, म्हणून थेट शेवंतीच्या वाफ्यात येऊन पुढ्यात उभा राहतो. फोन माझ्या कामाचा नाही आणि मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात, तेव्हा आपलं टपालच बरं.

तुमच्या क्लासचे सर वीस मिनिटांत पस्तीस गणितं उरकायच्या युक्त्या शिकवतात म्हणतेस. शिकवू देत. पण पंचाहत्तर टक्के काढायला कागद-पेन कशाला लागतं? पंचाहत्तर टक्के म्हणजे आपली पाऊण! फुलबाजारात मी पावकी, निमकी, पाऊणकीवर उभा जन्म काढला. पावकी-निमकी तुझी झालीच आहे. सोबतच्या कागदावर पाऊणकी शंभरापर्यंत लिहिली आहे. लहानपणी म्हणायचीस तशी सुरात म्हण. चौसष्ट पाऊण अठ्ठेचाळीस, अडुसष्ट पाऊण एक्कावन्न, बहात्तर पाऊण छप्पन्न, शहात्तर पाऊण सत्तावन्न.

वयाच्या अटीत बसणारी ही तुझी बँकेची शेवटची परीक्षा. दडपण घेऊ नकोस असं लिहायला हवं, पण मलाच ते आलं आहे. बँकेत त्या दिवशी काचेमागच्या बाईंनी तीनदा ओरडून काय सांगितलं ते मला कळलं नाही आणि मागची रांग हसली. तू नऊ वर्षांची होतीस, माझं बोट धरून रडलीस. तुझी आई, माझी मीना, नुकतीच गेली होती आणि तू आमच्याकडे राहायला आली होतीस. त्या काचेमागे तू बसावंस आणि माझ्यासारख्या बहिऱ्याला कागदावर लिहून सांगावंस, एवढंच माझं मागणं आहे.

गुडघे धरल्यामुळे बाजारात हल्ली मामीच जाते. परीक्षा होईपर्यंत इकडे फिरकायचं नाही हे तूच ठरवलं आहेस, ते मोडू नकोस. वेळेवर जेवत जा. पाढे चुकले तरी लोभ कमी व्हायचा नाही, पण चुकवू नकोस.

तुझा मामा,
रावजी


पंचवटी, नाशिक
२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामांस,
राखीचा शि. सा. न. वि. वि.

पाऊणकीचा कागद अभ्यासिकेत माझ्या टेबलासमोर चिकटवला आहे. शेजारच्या रूपालीला वाटलं मी कसला जप करते. तिला एक-दोन ओळी म्हणून दाखवल्या तर म्हणाली की हे तर तिच्या आजोबांनंतर कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. आता तीही माझ्यामागून पुटपुटते.

सरांनी परवा मला वर्गात उभं करून विचारलं की मी कच्चं काम न करता टक्केवारी कशी काढते. मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, छान आहे, पण पाठ केलेलं एकदा पडताळून घेत जा. मला जरा रागच आला. मामांचा पाढा कशाला पडताळायचा? तुम्ही क्रेटवर हात ठेवून फुलांचं वजन सांगायचात आणि काटा तुमच्यामागून यायचा, हे त्या सरांना काय माहीत!

सराव परीक्षेत गणिताला कधी अठरा, कधी बावीस प्रश्न सुटतात. कटऑफ त्याच्याच आसपास असतो. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. डबा आवडत नाही म्हणून मामीच्या हातची मेथीची भाजी आठवते. हॉलतिकिटाची झेरॉक्स पाठवते आहे, देव्हाऱ्यात ठेवा. गुडघ्यांना तेल लावत जा आणि मामीचं ऐकत जा, म्हणजे निदान तिच्या ओठांकडे बघत जा.

आशीर्वाद असू द्यावेत, पाढ्यांसकट.

तुमची,
राखी


पंचवटी, नाशिक
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप मामांस,
राखीचा शि. सा. न. वि. वि.

परीक्षा झाली, आणि मामा, तुमचा पाढा आला! केंद्रातून आल्या आल्या, चप्पलही न काढता लिहायला बसले आहे. तुम्ही प्रत्येक परीक्षेनंतर आठवतील ती गणितं लिहून मागता, म्हणून सगळी वेगळ्या कागदावर दिली आहेत. पण हे एक इथेच सांगते.

एका वाचनालयात बहात्तर हजार पुस्तकं आणि त्यांतली पंचाहत्तर टक्के मराठी. त्यावरच एकूण पाच प्रश्न होते. माझ्या बाजूचा मुलगा कागदावर गुणाकार मांडत होता आणि माझ्या डोक्यात तुमचा आवाज सुरू झाला, बहात्तर पाऊण छप्पन्न. छप्पन्न हजार पर्यायांत होतंच. माऊसची टिचकी मारून मोकळी झाले. पुढचे तीन त्याच आकड्यावरून सोडवले. पाचव्याचं उत्तर मात्र एकाही पर्यायाशी जुळेना. प्रश्नच चुकीचा दिला असणार म्हणून सोडून दिला.

या वेळी होईल असं वाटतं. आधीच्या परीक्षांना मी हे कधी लिहिलं नव्हतं. दसऱ्याला झेंडूची तोडणी मी नसताना कशी झाली ते कळवा. निकाल लागला की पहिल्या एसटीनं येते.

तोवर मायेचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
राखी


मळा, ता. सिन्नर
१६ ऑक्टोबर २०२५

चि. राखी,
मंगलामामीचे आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाय, अक्षराला हसू नको. फोनवर बोलले की हे माझ्या तोंडाकडं बघत बसतात आणि सगळं समजून घेतात. म्हणून चोरून लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे लय खूश होते. वाचून झाल्यावर ओसरीवर बसून तुझी गणितं सोडवायला घेतली. मग कागद बाजूला ठेवला. उठले, झेंडूचं क्रेट ओतलं आणि फुलं मोजायला लागले. बहात्तर फुलं. त्यांचे चार ढीग केले, एक ढीग बाजूला सारला आणि राहिलेली मोजली. चोपन्न भरली. पुन्हा कालवली, पुन्हा मोजली. मी हात धरला तर हात सोडवून घेतला. आज आठवडा झाला, रोज तेच चाललंय. दिवाळीचा माल तोडायचाय, पण त्यांना बहात्तर फुलांपलीकडं काही दिसत नाय.

राखी, तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. त्यांचे गुडघे चांगले आहेत. मागच्या वर्षापासून त्यांचं आकड्यांचं ध्यान जातंय. बाजारात भलतेच आकडे सांगायला लागले, लोक हसायला लागले, म्हणून मी त्यांना घरी बसवलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. पण तुला पाढे लिहायला बसले की पहिल्यासारखे ताठ बसायचे. ते माझ्याच्यानं बंद करवलं नाय. शाळेचे गोरक्ष गुरुजी प्रत्येक कागद गुपचूप तपासून चूक दुरुस्त करायचे, मग मी पेटीत टाकायची. पाऊणकीच्या वेळी गुरुजी ट्रेनिंगला गेले होते. हे घाई करत होते. मी म्हटलं एका कागदानं काय होतंय, आणि तसाच टाकला.

माझी चूक आहे पोरी. मला बोल, शिव्या दे. पण त्यांना काहीतरी लिही, म्हणजे ते जेवतील.

तुझी मामी


पंचवटी, नाशिक
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मामांस,
राखीचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला आले तेव्हा तुम्ही पाढ्यांचा विषयच काढला नाहीत. मीही काढला नाही. निघताना तुम्ही एसटीच्या खिडकीशी बराच वेळ उभे होतात. काही सांगायचं होतं का?

निकाल लागला. या वेळीही झालं नाही. सव्वा गुण कमी पडला. मामा, गणितानं नाही, इंग्रजीनं घात केला. गणितात मला भरपूर मिळाले. आणि त्या वाचनालयाच्या प्रश्नाबद्दल सांगायचं राहिलं. घाईत लिहिताना माझी गडबड झाली. आकडा बहात्तर नव्हताच, दुसराच काहीतरी होता. तुमचा पाढा बरोबर आहे. कागद अजून भिंतीवर तसाच आहे.

पहिल्या दिवशी खूप रडले. आता बरी आहे. इथल्याच एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम मिळालं आहे, एक तारखेपासून जाईन. तिथेही समोर काच आहे, म्हणजे तुमचं मागणं अर्धं तरी पुरं झालं. मामीला सांगा की माझा कुणावरही राग नाही. हे तिला नक्की सांगा.

जेवत जा. मी तुमचीच आहे, पास झाले काय आणि नापास झाले काय.

तुमची,
राखी


मळा, ता. सिन्नर
१ डिसेंबर २०२५

चि. राखीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला लहानपणीही खोटं बोलता यायचं नाही. बोरं चोरून यायचीस आणि बिया खिशातच ठेवायचीस. तुझ्या हॉलतिकिटाची झेरॉक्स देव्हाऱ्यात होती. गोरक्ष गुरुजींनी त्यावरच्या नंबरावरून मोबाईलवर तुझे गुण काढून दाखवले. इंग्रजी तुझं उत्तम आहे.

चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात आणि बरोबर आलेल्याला एक देतात. पाव आणि एक सव्वा. म्हणजे नेमकं एक उत्तर, बाळा. माझ्या छप्पन्नानं तुझी चार घालवली, त्यातलं एक वाचलं असतं तरी तू आज काचेमागे असतीस. हे गणित मला अजून येतं. हेच तेवढं येऊ नये असं फार वाटतं.

मामीनं तुला सगळं कळवलं असेल. तिच्या डोळ्यांवरून मला समजतं. तिला बोल लावू नकोस. एक मी लपवलं, एक तिनं लपवलं आणि आता तू लपवायला निघालीस. आपल्या घरात आता हे बंद करू. माझ्या डोक्यातून पाढे एकेक करून चालले आहेत. सकाळी असतात ते दुपारी सापडत नाहीत. माणसांची नावं कधी जातील ते ठाऊक नाही. तुझं नाव शेवटी जावं म्हणून मी रोज ते लिहितो.

भिंतीवरचा तो कागद फाडून टाक. खाली नवीन लिहिला आहे. ज्याची खात्री नाही तिथे रेघ ओढली आहे. तू भरून पाठव. तू भरलेलं मी पडताळून बघणार नाही.

लोभ होता तेवढा आहे, त्यातलं काही गेलेलं नाही.

तुझा मामा,
रावजी

चौसष्ट पाऊण ———
अडुसष्ट पाऊण ———
बहात्तर पाऊण चोपन्न
शहात्तर पाऊण ———
ऐंशी पाऊण ———