हौद्यावरची खोली

प्रिय थर्डगिअर,

फोनवर तू 'बघू' म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, पण जन्मभर नकाशे काढलेल्या बाईचा हात कागद फाडायला धजणार नाही, एवढी मी तुला ओळखते.

तर, मी ती पिकअप घेतली. हो, तीच, जिचा फोटो बघून तू 'कपाट पाठीवर घेतलेला बैल' म्हणाली होतीस. जुनी आहे, पण हाडापेराने मजबूत. आधीचा मालक पक्ष्यांचे फोटो काढत रानोमाळ हिंडायचा. त्याला जुळी झाली आणि बिचाऱ्याचं हिंडणं संपलं. किल्ली देताना तो बॉनेटवरून उगाचच हात फिरवत राहिला, तेव्हा मी आपलं टायर बघण्याचं नाटक केलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार कंबरेचा धक्का दिल्याशिवाय लागत नाही. पण आपल्या कंबरा आता त्या कामाला पुरेशा झाल्या आहेत.

मागच्या हौद्यावर खोली बसवलेली आहे. छत वर ढकललं की आत उभं राहता येतं, म्हणजे तुला येतं, मला मान वाकवावी लागते. तो मालक आत नुसती फळी टाकून झोपायचा, त्यामुळे आतलं सगळं मी सुताराकडून नव्याने करून घेतलं. गॅसची शेगडी, ओट्याखाली छोटा फ्रिज, पाण्याची टाकी. पडदे मी शिवले. एक वर गेलाय, एक खाली आलाय. तू नाक मुरडून ते उसवशील आणि पुन्हा शिवशील, हे मी धरूनच चालले आहे. मुलगा बघायला आला तेव्हा म्हणाला, आई, या वयात गाडीत राहणार? मी म्हटलं, या वयात घरात राहून बघितलं, करमत नाही. मग स्वारी मुकाट्याने गाडीखाली शिरली, तेल गळत नाही याची खात्री करून बाहेर आली आणि शर्ट काळा करून घरी गेली.

इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवली, पण पहिल्याच दिवशी चढावर तिसरा गिअर टाकणारी तू एकटीच. इंजिन धापा टाकतंय, मागचे हॉर्न बडवताहेत, आणि तू शांतपणे मला विचारतेस, ही नेहमी अशीच कुरकुरते का? मी इतकी हसले की माझ्या बाजूचा ब्रेक दाबायचंसुद्धा विसरले. तेव्हापासून चाक माझ्या हातात आणि नकाशा तुझ्या. मला नकाशा सुलटा धरलाय की उलटा, तेही कळत नाही. तू बरोबर नसलीस तर हा बैल भाजीबाजाराच्या पलीकडे जायचा नाही.

आणि तू तर येतच नाहीस. आधी गुडघा, मग नळ दुरुस्त करणारा येणार, मग मांजर. अगं, ते मांजर शेजारणीचं आहे! भाचीच्या लग्नातून तू जेवायच्या आधीच निघालीस. तुला माणसं नकोशी झालीत, असं लोक म्हणाले, आणि मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. मला आपली ती बसची सहल आठवत होती. सकाळपासून तू पाण्याचा घोट घेतला नव्हतास. चहासाठी जीव टाकणारी तू, समोर आलेला कप माझ्याकडे सरकवलास. पेट्रोल पंपावर बस थांबली तेव्हा सगळ्यांत आधी तू उतरलीस. तिथल्या दाराला कुलूप होतं. परत येऊन खिडकीकडे तोंड करून बसलीस, ती घर येईपर्यंत बोलली नाहीस. मीही विचारलं नाही, तुला ते आवडलं नसतं. पण त्यानंतर, त्या लग्नात तोंड दाखवण्यापलीकडे, तू कुठे म्हणजे कुठेच आली नाहीस. मला तुझ्यावाचून चैन पडत नाही, सरळच सांगते.

म्हणून सुतार टेप लावून विचारायला लागला, बाई, आधी काय बसवू, पलंग की ओटा, तेव्हा मी म्हटलं, आधी संडास. तो म्हणाला, एवढ्या जागेत झकास कपाट होईल. मी म्हटलं, कपाट घरी आहे. आतून कडी आहे, आधाराला दांडा आहे, वरती छोटी खिडकी आहे. तू नुसती खूण कर, मी गाडी बाजूला घेईन. कुठेही, कितीदाही, आणि कपाळावर आठी येणार नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवायला हवंच, त्यालाही मी बरोबर येईन, पण तोवर घरात कोंडून घ्यायचं काही कारण नाही. ही सोय माझ्यासाठी आहे असं मी सुताराला आणि मुलाला सांगितलंय, आणि ते अगदीच खोटंही नाही, मी काय तुझ्याहून तरुण आहे? पण गाडी मी जग बघायला घेतलेली नाही, तुला घराबाहेर काढायला घेतली आहे. रविवारी सकाळी तुझ्या दाराशी येते. चष्मा घे, नकाशे घे, आणि निघायच्या आधी पोटभर पाणी पी.

तुझीच,
मास्तरीण