पाण्याशी ओळख

३ एप्रिल
पोचलो एकदाच्या. पॉडगोरित्सा शहराहून निघालेल्या बसने हाडं खिळखिळी केली, पण नेवेना वाटभर गात होती. सहा वर्षांच्या पोरीला आईची बदली म्हणजे सहलच. भाड्याची खोली गावातल्या स्तोयामावशींकडे, झरा अंगणाच्या खालीच. मावशींनी गरम प्रिगानित्से, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि मध पुढे ठेवला आणि मला ऐकवलं की शहरात तुला कोणी खायला घालत नाही वाटतं. मग नेवेनाला झऱ्यावर नेऊन तिचं तोंड धुतलं आणि वाकून पाण्याला तिचं नाव सांगितलं. इथे नव्या माणसाची पाण्याशी अशी ओळख करून देतात. मलाही ओढत होत्या, मी हसून टाळलं.

८ एप्रिल
काम मजेचं आहे. झऱ्याच्या शेवाळात टाचणीच्या डोक्याएवढे लाल कोळी सापडतात. दिसायला सगळे सारखे, जात कळते ती डीएनएच्या बारकोडवरून. कोळी पाचक द्रवात टाकायचा, आतलं सगळं विरघळतं, रिकामी कात उरते. द्रव प्रयोगशाळेत वुकाशिनकडे जातो, कात माझ्या कुपीत राहते. नमुन्यात आपलीच थुंकी मिसळली तर कळावं म्हणून गालाच्या आतून बोळा फिरवून माझाही नमुना पाठवला. नेवेना सारखी टेबलाशी लुडबुडते, म्हणून तिचाही.

१९ एप्रिल
वुकाशिनचा फोन. एका कोळ्याचा बारकोड माणसाचा आला, तोही आमचा. हा आईकडून लेकराला जातो, त्यामुळे आम्हा मायलेकींचा एकच. कोळ्यांवर शिंकतेस की काय, म्हणाला. लाज वाटली. टेबल ब्लीचने धुतलं, नवे हातमोजे घातले, नेवेनाला खोलीबाहेर काढलं. ती झऱ्यावर खेळत बसते. बरंच आहे.

२९ एप्रिल
पुन्हा तेच, आणखी एक कोळी आमच्या बारकोडचा. आणि या खेपेला नेवेनाच्या गालाच्या नव्या नमुन्यात कोळ्याचा बारकोड. वुकाशिन भडकला, नळ्यांची अदलाबदल केलीस, दोन दिवस झोप काढ म्हणाला. मी अदलाबदल केलेली नाही. पोरगी जेवत नाही, झऱ्याचं पाणी तेवढं पिते. आज तिने उन्हात हात धरला तर पंज्यातून पलीकडची खिडकी दिसली. अशी कातडी मी ओळखते. माझ्या कुप्यांमध्ये तीच आहे.

४ मे
मावशींना विचारलं. त्या वाटाणे सोलत होत्या. सोलता सोलताच म्हणाल्या की पाण्याने ओळखलं तिला, आता ती त्याची. माझी लेक मिलेवाही अशीच गेली, म्हणाल्या. मी विचारलं, मग ठाऊक असून माझ्या पोरीचं नाव का सांगितलंत? तर म्हणाल्या, माझी तिथे एकटी असते ना. सोबतीला नको का कोणी?
मी अंगावर धावून गेले. त्या जागच्या हलल्या नाहीत.

५ मे
बस धरली. घाटाच्या वळणावर नेवेनाचे ओठ फाटले, कातडी सुकून सुटायला लागली, श्वास लागेना. ड्रायव्हर म्हणाला हॉस्पिटल गाठू. हॉस्पिटल लांब. झरा जवळ. उतरले, उचलून पळत आले. पाण्यात पाय पडताच हसली.
मीच परत आणलं तिला.

७ मे
काठावर तिचा फ्रॉक. आत कात. अख्खी. बोटांची नखंसुद्धा—
मावशी दारात उभ्या राहून रडत होत्या. मला त्यांची कीव येत नाही.

८ मे
जाळं टाकलं. बशीभर लाल कोळी, सगळे सारखे. एक माझ्या बोटामागून कडेकडेने येतो. तीच असेल. नसेल. मिलेवा असेल—
खात्री करायची एकच रीत मला येते. द्रवात टाकायचं. मग कळेल, आणि ती—
आधीचे दोन, आमच्या बारकोडचे. तिच्यातलंच काहीतरी होतं ते. मीच विरघळवलं. माझ्या हाताने.

९ मे
बशी पाण्यात ओतली. बोटामागचा तो कुठला, क्षणात कळेना झालं.
माझी अजून पाण्याशी ओळख नाही. मावशींना माझं नाव सांगायला चला म्हटलं, त्या नको म्हणतात, आता नको म्हणतात. मग माझं मीच सांगते. गुडघाभर पाण्यात उभी आहे. लिहिताना पान भिजतंय.
ऐक. मी नेवेनाची आई. माझं नाव