माफीनामा मी लिहिणार नाही

नोंग सिम,
पौर्णिमेच्या उपोसथानंतरचा दिवस

प्रिय थावोन,

प्रथम त्रिरत्नांना वंदन. ज्या करुणामयाने दुःखाला दुःख म्हणण्याची लाज कोणालाही वाटू दिली नाही, त्याची कृपा तुझ्यावर, पेंसीवर आणि दोन्ही लेकरांवर अखंड राहो; आणि या कागदावर माझ्या हातून एकही खोटा शब्द न उतरो. आता मुद्द्याचे लिहितो.

काल पेंसी येऊन गेली. विहाराच्या स्वयंपाकघरात बायका भाजी चिरत होत्या, त्यांच्यादेखत तिला बोलवेना, म्हणून आम्ही भाताच्या कोठीमागे जाऊन बसलो. तुझा निरोप तिने मान खाली घालून सांगितला. “बाबा, हे म्हणतात, एवढंच लिहून द्या की वय झालं, ऐकण्यात चूक झाली. कर्नलसाहेब प्रकरण मिटवतील, तो वान्लोप कंपनीत परत येईल आणि यांच्या बढतीला बट्टा लागणार नाही.” मी तिच्या हाती लेकरांसाठी पेरू दिले आणि म्हटले, उत्तर मी स्वतः लिहीन. ते उत्तर असे: मी माफीनामा लिहिणार नाही. सोमवारी छावणीत अधिकाऱ्यांचे आणि डॉक्टरांचे मंडळ बसेल, आणि वान्लोपने तुझ्या कंपनीत परतायचे की उपचार घेत घरी राहायचे, हे ठरवेल. मला तिथे बोलावणे आहे. मी जाणार आहे, आणि जे ऐकले तेच सांगणार आहे. त्याला पुन्हा त्या मैदानावर उभे करायचे असेल, तर ते माझ्या सहीने होणार नाही.

बाबांनी भरल्या छावणीत माझी शोभा केली, असे तू पेंसीला सांगितलेस. त्या रविवारचे तुला जे आठवते ते तू सांगितलेस. मला जे आठवते ते आता वाच. भेटीचा दिवस होता. तुझ्या घरी आपण चटईवर जेवायला बसलो होतो. तू नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. मधोमध चिकट भाताची टोपली, भाजलेला मासा, आणि पाहुणे म्हणून तुझ्या हाताखालचे दोन नाईक. नव्या रंगरूटांचे मन ठीक आहे ना, हे विचारून घ्या, असा वरून हुकूम आला होता, आणि तो तू कसा बजावलास त्याची नक्कल तू रंगात येऊन करत होतास. “सगळ्यांना उन्हात उभं केलं, भोंगा घेतला, म्हटलं, कुणाला उदास वाटतं? कुणाला जगणं नकोसं झालंय? कंपनी एका आवाजात, नाही साहेब! आणि मागच्या रांगेतून हा एक हात वर! म्हटलं, या राजकुमार, या! काय रे, आईची आठवण येते की भुताची? अख्खं मैदान हसलं. परत विचारलं. हात खाली. संपलं! माझ्या कंपनीत आजारी शून्य!” एका नाईकाने घास गिळत विचारले, “तो उलट्याच ना, सुभेदारसाहेब?” तू म्हणालास, “तोच तो. रांगेत उभा केला की याचं तोंड भलतीकडे. रोज मैदानाला फेऱ्या मारतोय, पण अक्कल काही सरळ होत नाही.” ते दोघे हसले आणि थांबले. तू त्यांच्यानंतरही बराच वेळ हसत होतास.

मी उलट्याचे खरे नाव विचारले. तू वान्लोप म्हणालास आणि माझा घास हातातच राहिला. मासळीवाल्या बुआसाईचा हा भाचा. एप्रिलमध्ये तालुक्याच्या कचेरीत त्याने चिठ्ठी उचलली, ती लाल निघाली आणि त्याला दोन वर्षांसाठी सैन्यात जावे लागले. त्याआधीचा वर्षावास त्याने आपल्याच विहारात भिक्षूचे चीवर धारण करून काढला होता. दीक्षेची पाली उत्तरे मीच त्याच्याकडून म्हणवून घेतली होती. इतक्या स्वच्छ उच्चारांचा उमेदवार मला वर्षानुवर्षांत मिळाला नव्हता. डावे-उजवे न कळणारा तो नव्हे, थावोन. तेव्हाच मी ताटावरून उठलो. तुला वाटले, बाबांना तिखट लागले.

मैदानावर चटया पसरून घरोघरची माणसे बसली होती. बुआसाई त्याच्यापुढे मासा सोलत होती आणि रागावत होती, “अरे खा की, तो मासा काय तुझ्याकडे बघतोय का?” तो भाताचा गोळा बोटांनी दाबत होता, दाबून दाबून त्याचा दगड झाला होता. मी बुआसाईला म्हटले, तुझ्या भाच्याला जरा चालवून आणतो. पाली शिकलेल्या माणसाला गाव ‘महा’ म्हणते, तसेच म्हणत ती बोलली, “न्या हो महा, तुम्ही तरी त्याला चार शब्द सुनवा. लोक लेकरांना बघून हसतायत आणि हा बघा, मढ्यावर बसल्यासारखा.” मी त्याला स्वयंपाकाच्या शेडमागे चिंचेखाली नेले. तिथे आम्ही दोघेच होतो.

तुला ठाऊक आहे की चीवर उतरवण्यापूर्वी विहारात माझे काम काय होते. उमेदवाराला संघासमोर विचारतात: कुष्ठ आहे का, क्षय आहे का, अपस्मार आहे का, कोणाचे देणे आहे का, राजाच्या चाकरीत आहेस का, आईबापांची संमती आहे का. अगदी प्रारंभीच्या काळी हे प्रश्न थेट भरल्या सभेत विचारले गेले, तेव्हा उमेदवार गांगरले, शरमले, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तथागतांनी त्यांना भित्रे ठरवले नाही. त्यांनी विचारण्याची रीत बदलली. तेव्हापासून एक आचार्य उमेदवाराला आधी सभेपासून दूर नेतो, ही खरे बोलण्याची घटका आहे असे सांगतो, आणि तेच प्रश्न एकट्याला विचारतो. तो आचार्य मी होतो. लाकूडवखारवाल्याच्या फायरोतची दीक्षा मी थांबवली होती, ती गोष्ट गाव अजून सांगते. बाहेर ढोल वाजत होते, डुक्कर कापले होते, सजवलेल्या पालखीतून त्याला विहाराभोवती तीनदा फिरवून झाले होते. आणि सीमाशिळेपाशी तो मला पुटपुटला की त्याला झटके येतात, बापाने सांगू नकोस म्हटले आहे. मी परत येऊन सांगितले, आज दीक्षा नाही, सगळ्यांनी जेवून घ्या. त्याचा बाप अंगावर धावून आला, “महा, एवढा खर्च काय तुमच्या शंकेसाठी केला?” मी म्हटले, खर्च तुमच्या मिरवणुकीसाठी झाला, मुलासाठी अजून काहीच झालेला नाही. आज फायरोत औषधे घेतो आणि ती वखार चालवतो. बाप अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो.

म्हणून वान्लोपला मी तसेच विचारले, जसे एका माणसाने एका माणसाला विचारावे: झोपतोस का, जेवतोस का, मरावेसे वाटते का. त्याने चिंचेचे एक बोटूक सोलून टाकले. मग म्हणाला, “आजोबा, मैदानाच्या टोकाला ती पाण्याची उंच टाकी आहे ना. तिची शिडी दिसली की माझे पाय तिकडे ओढतात. म्हणून मी तिच्याकडे पाठ करतो. रांगेत उभं केलं की ती बरोब्बर समोर येते. मग मी वळतो. मग फेऱ्या मारायला लावतात. फेरीत ती प्रत्येक वेळी समोर येते.” थावोन, ज्याला तुम्ही उलट्या म्हणता, तो तुमच्या मैदानावर रोज स्वतःच्या प्राणांचा पहारा देत उभा होता, एकटा, आणि शिक्षा भोगत. तू भोंग्यावरून विचारलेस तेव्हा त्याने हात वर केला. तेवढे धैर्य तुझ्या अख्ख्या कंपनीत त्या दिवशी एकाने दाखवले आणि तू मैदानाला हसवून तो हात खाली पाडलास.

पुढचे सर्वांनी पाहिले. मी त्याचा हात धरला आणि मैदानाच्या मधोमध, सगळ्या चटयांच्या समोरून त्याला दवाखान्याकडे नेले. दारावरचा शिपाई म्हणाला, “महा आजोबा, आज भेटीचा दिवस, आजारी पडायचा नव्हे. सोमवारी या.” मी पायरीवर बसलो आणि त्याला सांगितले की माझे गुडघे असे आहेत की एकदा बसलो की डॉक्टर आल्याखेरीज उठता येत नाही. तू धावत आलास. तुझ्या मागे कर्नलसाहेब आले. आणि तू सगळ्यांदेखत मला म्हणालास, “बाबा, तुमच्या देवळात तरी काय वेगळं होतं? तिथंही ‘नाही भन्ते, नाही भन्ते’ पाठच करून घेता ना पोरांकडून? मी तेच केलं!” त्याचे उत्तर आता देतो. होय, सभेतली उत्तरे आम्ही पाठ करून घेतो. कारण खरे उत्तर त्याआधीच ऐकून झालेले असते. तू पाठांतर उचललेस आणि विचारणे गाळलेस. एवढाच फरक आहे, पण माणूस जगतो की मरतो ते त्या फरकावर ठरते.

परिचारिका कॅप्टन रातरी आतून आल्या. त्यांनी कोणालाही काही न विचारता वान्लोपला आत नेले आणि दार लावले, बाहेर आल्या त्या वेळी त्यांच्या हातात जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवण्याचा आदेश होता. तुझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिले आणि म्हणाल्या, “सुभेदार, याला शिडी दिसते ते याने सांगितलं. न सांगणारे किती आहेत, ते मी कुणाला विचारू?” त्यांच्यावर तू अजून चिडून आहेस, असे पेंसी म्हणते. खुशाल चीड. त्या बाईंनी त्याचा जीव वाचवला आणि तुझी कंपनीही.

तुझे दुसरे म्हणणे मी टाळत नाही, कारण त्यात तुझी माया आहे. तू पेंसीला म्हणालास, “वेड्याचा शिक्का बसला की त्याला नोकरी कोण देईल? मुलगी कोण देईल? मी त्याचं भलंच करतोय.” लोक नावे ठेवतील, हे मलाही दिसते. काही दारे बंद होतील. पण दार बंद होण्यासाठी त्यापुढे उभा राहणारा जिवंत माणूस लागतो. बुआसाईला मी विचारले, तुला भाचा कसा हवा. ती माशाचे खवले काढता काढता म्हणाली, “महा, येडा असो नाहीतर शहाणा, माझ्या टोपल्या उचलायला मला तो जित्ता हवाय.” सोमवारी मी हेच वाक्य कर्नलसाहेबांपुढे ठेवणार आहे. एवढी पाली शिकून मला याहून नेमके वाक्य सुचलेले नाही. आणि ज्या अधिकाऱ्यांना माझ्या वयामुळे शंका असेल, त्यांनी मला कोणतेही सूत्र मधूनच म्हणायला सांगावे. मी तिथून पुढे म्हणेन.

आता, हे पत्र मी खरोखर कशासाठी लिहायला घेतले ते. माफीनाम्याला नकार द्यायला पेंसीजवळ एक शब्द पुरेसा होता. पण तू दक्षिणेच्या सरहद्दीवरून पदक घेऊन आलास आणि तुझा मित्र प्रासान आला नाही, तेव्हापासून मी तुला पाहतो आहे. दिव्यांच्या उत्सवात नदीकाठी फटाके वाजले तेव्हा तू लोकांचे हसू संपेपर्यंत गाडीखाली काहीतरी शोधत होतास. आणि त्या रविवारी तुझी धाकटी आतल्या खोलीत गेली, तेव्हा तिने दार लावताना कडी हातात धरली आणि आवाज होणार नाही अशी हलकेच सोडली. पाच वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवले, थावोन? मी वान्लोपविषयी मंडळासमोर बोलेन. तुझ्याविषयी तिथे एक अक्षरही बोलणार नाही, तो अधिकार तुझा आहे. पण मी तुझा बाप आहे आणि तुला विचारतो. तुला झोप लागते का? तुला जगणे नकोसे होते का? उत्तर लिहू नकोस, पेंसीच्या हाती धाडू नकोस. सोमवारी सकाळी फाटकाबाहेर पेजेच्या दुकानात मी बसलेला असेन. मंडळाच्या आधी ये. तू ‘नाही’ म्हणालास, आणि ते खरे असले, तर आपण नुसती पेज पिऊ. तू ‘होय’ म्हणालास, तर त्याच मैदानातून कॅप्टन रातरींच्या दारापर्यंत मी तुझाही हात धरून चालेन. तुझे नाईक बघत असले तर बघू देत, कर्नलसाहेब बघत असले तर त्यांनाही बघू दे. मला कोणाचीही लाज वाटणार नाही, आणि तुलाही वाटू देणार नाही.

तुझाच,
बाबा

हे पत्र तू वाचशील, पेंसी वाचेल, आणि तुला दाखवावेसे वाटले तर आणखी कोणी वाचेल. वाचणाऱ्या प्रत्येकाला निर्भय झोप लाभो. ज्याला सांगायचे आहे त्याला ऐकणारा भेटो, आणि ज्याला विचारायचे आहे त्याला विचारण्याचे धैर्य येवो. सर्व जीव सुखी असोत.